रशियाचे रुपेरी चहासंच

सांगलीच्या विश्रामबागेतल्या सराफाकडे जुनी चांदी नेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "टंच किती?" शंभर भागांत शुद्ध चांदी किती, हे सांगणारे हे माप सांगली-मिरजेच्या बाजारात आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत रोजच्या बोलण्यातले आहे. हुपरीचे कारागीर पैंजण, घुंगरू, जोडवी घडवतात ती याच मापाच्या हिशोबाने. टंच ठरला की वजन होते, वजन झाले की रक्कम ठरते आणि आजीच्या काळातले भांडे मोडीत जमा होते.

या मापाने केवळ ८७.५ टंच भरणारी एक चांदी मात्र जगातली मोठमोठी संग्रहालये काचेआड जपून ठेवतात. ती आहे झारच्या काळातल्या रशियन चहा-कॉफीच्या संचांची. त्यांच्यापेक्षा शुद्ध चांदी आपल्या देवघरातल्या तांब्यात असू शकते. तरीही या संचांचे मोल धातूच्या भावात मोजता येत नाही, कारण ते कुठे घडले, कोणी घडवले, कोणी तपासले आणि बहुतेक वेळा कोणत्या वर्षी तपासले, हे त्यांच्या अंगावरच लिहिलेले असते. धातूला स्वतःचा इतिहास सांगायला लावण्याची ही विद्या समजून घ्यावी अशीच आहे.

वाळवंट ओलांडून आलेला चहा

रशियात चहा पोचला तो भेट म्हणून. १६३८ मध्ये वासिली स्तार्कोव्ह हा झार मिखाईलचा दूत मंगोल राजा अल्तिन खान याच्या दरबारी गेला होता. परत निघताना खानाने झारसाठी चहाची सुमारे ६५ किलो पाने दिली. या वाळलेल्या पानांचा आपल्या देशात काय उपयोग, असे स्तार्कोव्हला वाटत होते. त्याने नाखुशीनेच ती स्वीकारली. मॉस्कोच्या दरबाराला मात्र ते पेय आवडले.

पुढे १७२७ मध्ये रशिया आणि चीन यांच्यात क्याख्ता येथे करार झाला आणि सीमेवरचे हे छोटे गाव चहाच्या व्यापाराची मोठी पेठ बनले. चिनी चहाच्या पेट्या उंटांच्या तांड्यावर लादून गोबीचे वाळवंट ओलांडत क्याख्त्यात येत. तिथून सायबेरियाच्या बर्फातून, गाड्यांवरून आणि नद्यांमधल्या होड्यांतून त्या मॉस्कोपर्यंत पोचत. चिनी मळ्यापासून मॉस्कोच्या टेबलापर्यंतचा हा प्रवास वर्षाहून जास्त काळ चाले. इतका दुरून आलेला चहा स्वस्त असणे शक्यच नव्हते. म्हणून रशियन सरदारांच्या आणि सधन व्यापाऱ्यांच्या घरी चहा देणे हा मानाचा प्रकार झाला आणि त्याची भांडीही त्या मानाला साजेशी हवीत, असे ओघानेच आले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडल्यावर समुद्रमार्गे ओडेसा बंदरात चहा येऊ लागला. पुढे सायबेरियात लोहमार्ग झाला आणि उंटांचे तांडे थांबले. तोवर चहा शेतकऱ्याच्या झोपडीपर्यंत पोचला होता.

कॉफीची वाट वेगळी होती. झार पीटर द ग्रेटने हॉलंडच्या मुक्कामात तिची चव घेतली आणि आपल्या दरबारात ती रुजवली. सम्राज्ञी दुसरी कॅथरीन अतिशय कडक कॉफी पीत असे. तरी कॉफी मुख्यतः राजधानीतल्या उमरावांचे पेय राहिली आणि चहा साऱ्या रशियाचा झाला. त्यामुळे रशियन संचात कॉफीची झारी असली, तरी टेबलाच्या मध्यावर मान असतो तो सामोवाराचा.

संचातली भांडी आणि त्यांची योजना

सामोवार म्हणजे पाणी तापवण्याचे उभे पात्र. त्याच्या पोटातून एक नळी आरपार जाते. नळीत कोळसा किंवा देवदाराची वाळलेली बोंडे पेटवतात आणि भोवतालचे पाणी उकळते. खाली पाणी काढायची तोटी असते. वरच्या कड्यावर छोटी चहादाणी ठेवतात आणि तिच्यात अतिशय कडक अर्क मुरत राहतो. कपात या अर्काचा थोडा भाग घ्यायचा आणि सामोवारातले कढत पाणी त्यात मिसळायचे, ही रशियन रीत. महाग चहा पुरवून वापरण्याची आणि प्रत्येकाला हवा तसा हलका-कडक देण्याची सोय तिच्यात आहे. शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तुला शहरात लिसित्सिन बंधूंनी १७७८ मध्ये सामोवार घडवायला सुरुवात केली आणि ते शहर सामोवारांचे माहेरघर झाले. सामान्यांचे सामोवार पितळेचे असत. चांदीचा सामोवार ही श्रीमंती चैन होती आणि ती सांभाळावीही लागे. आत पाणी नसताना विस्तव पेटता राहिला, तर जोडांचे डाख वितळून भांडे निखळायची भीती असे.

सामोवाराभोवती बाकीची मंडळी येते: चहादाणी, कॉफीची झारी, साखरदाणी, सायीच्या दुधाचे भांडे, चहाची डबी, गाळणी, साखरेचा चिमटा, चमचे आणि सगळ्यांना पोटात घेणारे तबक. कपातला गार चहा आणि गाळ ओतून टाकायला एक वाडगाही असतो. भांड्यांच्या आकारामागे विचार आहे. चहादाणी बुटकी व पोटाळ असते, म्हणजे पाने मोकळी फुलतात, आणि तिच्या तोंडाच्या मुळाशी जाळीची भोके असतात. कॉफीची झारी उंच व निमुळती असते, कारण तिचा चोथा तळाशी बसायला हवा.

चांदी ही सर्व धातूंत उष्णतेची सर्वांत चांगली वाहक. हा गुण भांडे तापायला बरा, पण हात पोळायला पुरेसा. म्हणून जुन्या चहादाण्यांच्या कानांत हस्तिदंताच्या चकत्या बसवलेल्या दिसतात किंवा सगळा कान लाकडाचा असतो. दूध आणि साखरेच्या भांड्यांना आतून सोन्याचा मुलामा देत. तो शोभेसाठी होताच, शिवाय चांदी काळी पडू नये आणि भांडे स्वच्छ राहावे म्हणूनही होता.

शहाण्णवाचा हिशोब

रशियात वजनाचे एक लहान माप होते, झोलोत्निक, म्हणजे सुमारे ४.२७ ग्रॅम. ९६ झोलोत्निकांचा एक फुंत, म्हणजे रशियन पौंड. चांदीचा कसही याच हिशोबाने सांगत. एका फुंतात शुद्ध चांदी ८४ झोलोत्निक आणि उरलेला भाग मुख्यतः तांबे, अशा चांदीवर '८४' हा आकडा ठोकत. ८४ भागिले ९६ म्हणजे ०.८७५. आपल्या बोलीत ८७.५ टंच. याहून चांगल्या चांदीवर ८८ किंवा ९१ हे आकडे येत, म्हणजे जवळपास ९१.७ आणि ९४.८ टंच. इंग्रजांची प्रसिद्ध स्टर्लिंग चांदी ९२.५ टंचाची. शुद्ध चांदी फार मऊ असते. रोज हाताळायच्या झारीला ताठपणा यावा म्हणून तांब्याचा मेळ लागतोच. म्हणजे ८४ हा आकडा भेसळीची कबुली नसून भांड्याच्या कामाला योग्य ठरलेले प्रमाण आहे.

पीटर द ग्रेटने १७०० मध्ये हुकूम काढून चांदीच्या वस्तूंवर सरकारी ठसे सक्तीचे केले. हे ठसे वाचायला शिकले की भांडे बोलू लागते. एकोणिसाव्या शतकातल्या चहादाणीच्या तळाला साधारण चार गोष्टी सापडतात. पहिली, कसाचा आकडा. दुसरी, शहराचे चिन्ह: सेंट पीटर्सबर्गसाठी एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन नांगर आणि मधे राजदंड, तर मॉस्कोसाठी घोड्यावरून अजगराला भाला मारणारा संत जॉर्ज. तिसरी, सरकारी कसपारख्याची आद्याक्षरे आणि त्यांच्याखाली वर्ष. चौथी, घडवणाऱ्या कारागिराची किंवा कारखान्याची मुद्रा. राजघराण्याची मान्यता मिळालेल्या कारखान्याला नावाशेजारी दोन डोक्यांचा शाही गरुड उमटवता येई.

१८९९ पासून साऱ्या साम्राज्यात एकसारखा नवा ठसा आला. त्यात पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या रशियन स्त्रीचे मुख आहे. या शिरोभूषणाला कोकोश्निक म्हणतात आणि ठशालाही तेच नाव पडले. १९०८ पर्यंत ही स्त्री डावीकडे पाहते, त्यानंतर उजवीकडे. १९०८ नंतर कसपारख्याच्या आद्याक्षरांची जागा ग्रीक अक्षरांनी घेतली: पीटर्सबर्गसाठी अल्फा, मॉस्कोसाठी डेल्टा. नखाएवढ्या खुणेतल्या चेहऱ्याची दिशा पाहून शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूचा काळ ठरवता यावा, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने चांदीचे हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू केले. रशियाने ही शिस्त त्याआधी तीनशे वर्षे लावून घेतली होती.

गुलामाच्या पोरापासून झारच्या दरबारापर्यंत

अठराव्या शतकात रशियन दरबार उत्तम चांदीसाठी पश्चिमेकडे पाहत असे. दुसऱ्या कॅथरीनने १७७० मध्ये पॅरिसच्या रोएत्तिए या कारागिरांकडे तीन हजारांहून अधिक नगांचा जेवणाचा संच घडवायला दिला आणि तो ग्रिगोरी ऑर्लोव्ह या सरदाराला भेट दिला. पण त्याच शतकात रशियाची स्वतःची चांदीही निघू लागली होती. नेर्चिन्स्कच्या आणि अल्ताई पर्वतातल्या कोलिव्हानच्या खाणींतून ती येत होती. अलेक्झांडर नेव्हस्की या संताची १७५२ मध्ये पुरी झालेली भव्य समाधी या कोलिव्हानच्या दीड टन चांदीची आहे.

एकोणिसाव्या शतकात रशियन कारखान्यांनी आपली वाट शोधली. मॉस्कोच्या साझिकोव्ह घराण्याने १७९३ मध्ये काम सुरू केले आणि १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात पदक मिळवले. त्यांनी परकी नमुन्यांऐवजी रशियाचा इतिहास, शेतकरी आणि लोककला चांदीत आणली. हीच दिशा पावेल ओव्हचिन्निकोव्ह याने पुढे नेली. ओव्हचिन्निकोव्ह जन्माने भूदास होता, म्हणजे जमिनीबरोबर विकला जाणारा माणूस. त्या बंधनातून सुटून त्याने १८५३ मध्ये मॉस्कोत स्वतःचा कारखाना काढला, झारच्या दरबाराचा पुरवठादार झाला आणि कारखान्यातच उमेदवार मुलांना चित्रकला आणि घडाई शिकवणारी शाळा चालवली. हातांना काम देण्याआधी डोळ्यांना शिक्षण देणारा हा माणूस कारागिरीच्या इतिहासात आदराने आठवावा असा आहे. ख्लेब्निकोव्ह आणि ग्राचेव्ह ही याच तोडीची आणखी दोन घराणी.

आणि अर्थातच फाबर्जे. गुस्ताव्ह फाबर्जे याने १८४२ मध्ये पीटर्सबर्गला दुकान थाटले, १८७२ मध्ये मुलगा कार्ल याने ते हाती घेतले आणि १८८७ मध्ये मॉस्कोची शाखा निघाली. झारच्या घराण्यासाठी घडवलेल्या रत्नजडित शाही अंड्यांमुळे हे नाव जगभर गाजले, पण मॉस्को शाखेचे मोठे काम चांदीच्या भांड्यांचे होते. व्यापारी घराण्यांतल्या लग्नांसाठी चहाचे संच, सामोवार आणि तबके तिथून जात.

कसबाचे चार प्रकार

या संचांवरची पहिली खास कला काळ्या नक्षीची. उत्तरेकडचे वेलिकी उस्त्युग हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. चांदीवर रेघा कोरायच्या, चांदी, तांबे, शिसे आणि गंधक यांचा एकत्र वितळवून केलेला काळा चुरा त्यांत भरायचा आणि भांडे तापवायचे. चुरा रेघांत वितळून बसतो, मग पृष्ठभाग घासून सपाट करतात. शुभ्र चांदीवर काळ्या रेघांत शहरांची दृश्ये, शिकारी, वेलबुट्ट्या उमटतात.

दुसरी कला मीनाकारीची. पिळलेली चांदीची बारीक तार वेलीच्या आकारात भांड्यावर डाखायची आणि तारेच्या कप्प्यांत रंगीत काचेची पूड भरून सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत भाजायची. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबे मिसळलेली त्याआधीच. म्हणजे काच वितळावी पण भांडे वितळू नये, एवढ्या थोड्या फरकात हे काम करायचे, तेही प्रत्येक थर आणि दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा. फ्योदोर र्‍युकर्ट हा मॉस्कोचा कारागीर या कामात अजोड मानला जातो. फाबर्जेलाही त्याच्याकडून वस्तू जात.

तिसरा प्रकार पाठभिंत नसलेल्या मीनाकारीचा. त्यात कप्प्यांच्या मागचा धातू नसतो, त्यामुळे उजेड काचेतून आरपार जातो आणि चहाच्या गाळणीला किंवा वाडग्याला चर्चच्या रंगीत खिडकीचे रूप येते.

चौथा प्रकार दृष्टिभ्रमाचा. तबकावर घडी घालून ठेवलेला फुलांच्या कडेचा रुमाल दिसतो, पण हात लावला तर तो चांदीचाच. साखरेची टोपली वेताची वाटते, विणीचा प्रत्येक धागा दिसतो, आणि तीही चांदीची. चहाच्या डब्या तर सायबेरियातून आलेल्या कापडी गाठोड्यासारख्या कोरलेल्या असत, दोऱ्या आणि मोहरांसकट. चहाचा तो दीर्घ प्रवास कारागिराने अशा रीतीने डबीच्या अंगावर नोंदवून ठेवला.

महाराष्ट्राशी जुळलेले धागे

रशिया आणि आपला मुलूख यांची ओळख या चांदीहून जुनी आहे. अफानासी निकितिन हा त्वेरचा व्यापारी पंधराव्या शतकात चौलच्या किनाऱ्यावर उतरला आणि विकायला आणलेला घोडा घेऊन जुन्नरला गेला. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. डिसेंबर १८९० मध्ये रशियाचा युवराज निकोलाय 'पाम्यात आझोवा' या युद्धनौकेतून मुंबईला आला. बरोबर असलेला धाकटा भाऊ जॉर्ज आजारी पडल्याने मुंबईहूनच परतला. त्या सफरीच्या आठवणीसाठी फाबर्जेने १८९१ चे शाही अंडे घडवले. हिरव्या दगडाच्या अंड्यात पाण्याच्या रंगाच्या रत्नावर त्या नौकेची सोन्या-प्लॅटिनमची इवली प्रतिकृती आहे. मुंबई बंदरात नांगर टाकलेल्या त्या जहाजाची ही प्रतिकृती आज क्रेमलिनच्या संग्रहालयात पाहायला मिळते.

सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये सोव्हिएत रशियाला गेले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिले. पुढे शिक्षणासाठी, कामासाठी गेलेल्या भारतीयांनी तिथून पोद्स्ताकान्निक आणले. पोद्स्ताकान्निक म्हणजे काचेच्या पेल्याला कान असलेली धातूची बैठक. रशियन आगगाडीत आजही चहा तिच्यातच मिळतो. व्लादिमीर प्रांतातल्या कोल्चुगिनोच्या कारखान्याने क्रेमलिन, अंतराळयान, आगगाडी अशी चित्रे उमटवून अशा असंख्य बैठका काढल्या. त्या बहुतेक चांदीच्या नसून तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या असतात.

झारच्या काळात भारतातही चांदीचे चहासंच घडत होते. भुजचा ओमरसी मावजी कच्छच्या रावांचा कारागीर होता. 'ओएम भुज' अशा रोमन अक्षरांत ठोकलेली त्याची मुद्रा आज जगभरचे संग्राहक शोधतात. मद्रासच्या ऑर कंपनीने देवदेवतांच्या मूर्ती उठावात घेतलेले संच केले. पुणे आणि लखनौ इथेही असे काम होई. मात्र साम्राज्यभर सक्तीचा सरकारी ठसा भारतात नसल्याने आपल्या अनेक उत्तम कारागिरांची नावे कायमची हरवली.

पिठाच्या बदल्यात चांदी

१९१७ च्या क्रांतीनंतर फाबर्जेचा कारखाना बंद पडला आणि १९२० मध्ये कार्ल फाबर्जे परदेशात वारला. त्यानंतर जे झाले ते फार दुःखद आहे. १९३१ पासून सोव्हिएत सरकारने तोर्गसिन नावाची दुकाने सामान्य नागरिकांसाठी उघडली. तिथे सोने आणि पुढे चांदी देऊन अन्नधान्य मिळे. १९३२-३३ च्या भीषण दुष्काळात लोक घरातले चमचे, साखरदाण्या, पदके घेऊन तिथे रांगा लावत आणि पीठ घेऊन जात. वस्तू वजनाने घेतल्या जात. काळी नक्षी, मीनाकारी, कारागिराचे नाव यांना तिथे किंमत नव्हती. १९३६ मध्ये ही दुकाने बंद झाली, तोवर असंख्य संच भट्टीत गेले होते. उपाशी माणसाने चमचा विकला यात त्याचा दोष नाही. पण जे शिल्लक राहिले ते इतके मोलाचे का, याचे उत्तर या इतिहासात आहे.

एक गोष्ट मात्र टिकली. १९२७ मध्ये नवा ठसा आला, हातोडा घेतलेल्या कामगाराचे मुख. शेजारी आकडा ८७५, म्हणजे जुनेच ८४ झोलोत्निक. राजवट बदलली, टंच तोच राहिला.

आपल्या घरातल्या चांदीसाठी

आज बाजारात बनावट रशियन चांदी भरपूर आहे. साध्या भांड्यावर फाबर्जेचे नाव ठोकून विकणारे जगभर आहेत. खरे-खोटे ओळखताना जाणकार काही गोष्टी पाहतात. खरा ठसा ठोकलेला असतो, त्याच्या कडा धारदार असतात. साच्यातून ओतलेल्या नकलेत त्या बोथट दिसतात. चहादाणीचे झाकण आणि अंग यांसारख्या सुट्या भागांवरही स्वतंत्र ठसे हवेत. आणि ठशातले वर्ष, कसपारखी आणि कारखाना हे तिन्ही एकाच काळात जगात असायला हवेत.

ही नजर आपल्या घरातही उपयोगी पडते. जुने चांदीचे भांडे मोडीत देण्याआधी ते उलटे करून, भिंग घेऊन तळ पाहा. एखादी मुद्रा, अक्षर, गावाचे नाव दिसले तर छायाचित्र काढून ठेवा आणि जाणकाराला दाखवा. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू कायद्याने देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही लक्षात असू द्या. चांदी रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासू नका. अशा घासण्याने काळपटपणा जातो, तशी नक्षी आणि मुद्राही झिजतात. सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड पुरते. जिथे मुद्दाम भरलेली काळी नक्षी किंवा सोन्याचा मुलामा आहे, तिथे रसायनात बुडवणे तर टाळाच.

चांदीचा भाव रोज बदलतो आणि वितळलेली चांदी पुन्हा कधीही विकत घेता येते. ज्या हातांनी ती घडवली त्यांचे काम मात्र पुन्हा मिळत नाही. म्हणून टंच विचारण्याआधी मुद्रा वाचा, एवढीच विनंती.